दुतोंडी वायर

उन्हाळ्यातल्या एका वादळात गावाबाहेरचा ट्रान्सफॉर्मर पेटला आणि त्या दिवसापासून गल्लीच्या निम्म्या घरांत करंट, निम्म्यांत ठणठणाट. एक फेज गेला म्हणे. फेज म्हणजे काय ते मोठीला विचाराल तर ती हात झाडून सांगायची, "मला काय कळतंय त्यातलं! समोरच्यांचा पंखा फिरतो नि आमचा फिरत नाही, तो फेज." तिच्या नवऱ्यानं वीज ऑफिसात पाच खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्या खेपेला रजेवर, तिसऱ्या खेपेला ट्रान्सफॉर्मरचं तेल यायचं होतं. चौथ्या खेपेला कारकून म्हणाला, "तुमचा एकट्याचाच जीव चाललाय का?" पाचव्या खेपेला नवऱ्यानंच काही विचारलं नाही. बाकावर टेकला, माठातलं पाणी प्याला नि परत आला.

हा मोठीचा नवरा म्हणजे दोघा भावांतला थोरला. घरात पाच गायी, परड्यात वाळल्या चाऱ्याची गंज, आणि चारा बारीक करायचं विजेवरचं यंत्र. करंट गेला नि यंत्र पडलं निपचित. मग नवराबायकोनं कोयते काढले. पाच गायींचा चारा कोयत्यानं तोडायचा म्हणजे सकाळ तिथंच संपते. चार दिवसांत मोठीच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यात चाऱ्याचं कुसळ घुसलं. थोरल्याची कंबर धरली. एवढं करून चारा जाडच राहायचा. गायी तो नुसता हुंगायच्या, मान फिरवायच्या आणि दूध द्यायच्या निम्मं.

"वाटणीच्या वेळी हसलात ना भावाला," मोठी नवऱ्याला म्हणाली. "आता बघा त्याच्याकडं."

ते खरं होतं. एकाच घराच्या मधोमध भिंत घालून दोघा भावांनी वाटणी केली, तेव्हा धाकट्यानं नवा मीटर घेतला तो पलीकडच्या खांबावरून. थोरला तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, "एवढी लांबून वायर ओढलीस, काय आकाशातून आणणारेस का करंट?" आता त्या लांबच्या खांबावर करंट होता आणि थोरल्याच्या दारातल्या खांबावर कावळे बसत होते. धाकटा मात्र हसला नाही. तो दुधाचा टेम्पो चालवायचा. पहाटे जायचा, दुपारी यायचा, झोपायचा. त्याला हसायला सवड कुठली!

थोरल्यानं मग त्याच्या डोक्यानं मार्ग काढला. डोकं होतंच त्याला, नको तिथं जास्त होतं. त्यानं जाड वायर आणली आणि तिच्या दोन्ही टोकांना पिना बसवल्या. एरवी वायरीच्या एका टोकाला पिन असते आणि दुसरं टोक यंत्रात जातं. हिला दोन्हीकडं पितळेच्या तीन-तीन उघड्या पिना. मधल्या भिंतीतल्या झरोक्यातून वायर ओवली. एक तोंड धाकट्याच्या घरातल्या सॉकेटात, दुसरं मोठीच्या स्वयंपाकघरातल्या. तिकडून करंट यायचा आणि मोठीच्या सॉकेटातून उलटा घरभर पसरायचा. यंत्राचं बटण कधीच जळून गेलं होतं, ते थेट जोडलेलं. वायर खोचली की यंत्र सुरू, वायर उपसली की बंद.

"डोक्यात ठेव," थोरल्यानं बायकोला बजावलं. "घालताना आधी आपल्याकडचं टोक, मग तिकडचं. काढताना आधी तिकडचं, मग आपल्याकडचं. उलटं केलंस तर हातात जिवंत पिना येतील."

"तिकडचं टोक कुलपात असतं, ते?"

धाकटी, म्हणजे मोठीची जाऊ, दूध शीतकरण केंद्रात कॅन धुवायला जायची, आणि जाताना दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचून न्यायची. वाटणीत एक पितळी हंडा इकडचा तिकडं झाला होता, तेव्हापासूनचं ते कुलूप. किल्ली मागायची छाती थोरल्याला नव्हती. मग त्यानं रबरी पाइपचा वीतभर तुकडा कापून दिला. आपल्याकडचं टोक काढलं की पिना त्या तुकड्यात कोंबायच्या आणि टोक वरच्या खिळ्याला टांगायचं. "झालं, मिटलं," तो म्हणाला.

करंट काय फुकट येत नव्हता. धाकटीची दहा महिन्यांची पोरगी, गोटी, सकाळी मोठीकडं असायची. आधी धाकटी तिला पाळण्यात घालून कुणाकुणाच्या हातापाया पडायची. आता न बोलता ठरलं होतं, पोरगी इकडं, करंट तिकडून. दोघींपैकी कुणी हे तोंडानं म्हटलं नाही, पण धाकटी पोरीला मोठीच्या कडेवर द्यायची आणि त्याच पावली मागं जाऊन भिंतीवरचं बटण दाबायची, मग कुलूप घालायची. गोटी होतीही नावासारखीच, गोल नि गुळगुळीत, कुठं घरंगळेल नेम नाही. खालचे दोन दात आले होते आणि जग त्यांच्याखाली चावून बघायचा तिनं विडा उचलला होता. चमचा, चप्पल, मोठीचं नाक, काहीही चालायचं.

घरी असली की धाकटी झरोक्यातून ओरडायची, "ताई, काढा हो जरा! माझा टीव्ही नाचायला लागला." मोठी मुकाट्यानं वायर उपसायची. यंत्रापाशी थोरला हातातला पेंढा खाली टाकून दहा मिनिटं उभा राहायचा, लहान भावाच्या बायकोचा टीव्ही स्थिर व्हायची वाट बघत. त्याच्या मानेच्या शिरा तेव्हा दिसण्यासारख्या असायच्या.

गोटी रांगायला लागली तशी धाकटी दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, ती वायर आता बास करा. पोरीच्या हाताला लागेल."

"लागत नाही. पाइपात असते, वर टांगलेली."

"तरी पण."

"अगं, मला काय कळत नाही का? तुझी पोर ती माझी कोणी नव्हे का?" थोरल्याचा आवाज चढला. धाकटी मोठीकडं बघत राहिली. मोठी म्हणाली, "मी आहे ना. डोळ्याआड होऊ देत नाही मी तिला." आणि ती हे अगदी मनापासून म्हणाली.

त्यानंतर आठवडा गेला असेल. सकाळचे नऊ-साडेनऊ. मोठीनं गोटीला स्वयंपाकघरात फरशीवर बसवलं, पुढ्यात डब्यांची तीन झाकणं दिली. गोटी झाकणावर झाकण आपटत होती, ठण ठण ठण, आणि प्रत्येक ठणला स्वतःच खूश होऊन मोठीकडं बघत होती. मागच्या पडवीत यंत्र घरघरत होतं. मोठी भांडी घासत होती.

एकाएकी यंत्राचा आवाज बदलला. जड झाला, घुसमटला, आणि पाठोपाठ थोरला ओरडला. शब्द नव्हते आधी. मग शब्द आले, "काढ! काढ गं! हात! हात!"

तेव्हा मोठीनं काय केलं ते तिला पुढं शंभर वेळा आठवलं. राखेनं भरलेल्या हातानं तिनं वायर धरली, हिसडली आणि तशीच सोडून पळाली. पाइपचा तुकडा कुठं होता, खिळा कुठं होता! माणूस कापला जातोय आणि खिळा कोण बघतो?

थोरल्याचा उजवा हात यंत्राच्या तोंडातल्या दोन दातेरी रुळांत मनगटापर्यंत ओढला गेला होता. शर्टाची बाही आत गुंडाळलेली. पातं बोटांपासून चार बोटांवर थांबलं होतं. थोरला पांढराफटक पडला होता आणि लहान पोरासारखा "आई आई" करत होता. मोठीनं मोठं चाक दोन्ही हातांनी धरून उलटं फिरवलं. फिरेना. तिनं पाय लावला, सगळं अंग लावलं. चाक कचकन हललं, हात सुटला. सालटी गेली होती, दोन नखं निळी झाली होती, पण बोटं पाचच्या पाच होती.

"देवा रे," थोरला खाली बसला. "वाचलो."

"वाचलात," मोठी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पदरानं ती त्याचा हात पुसायला लागली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की झाकणं वाजत नाहीत.

ती आत धावली. गोटी कुशीवर कलंडली होती. अंग ताठ, डोळे उघडे, आणि त्या तीन पिना तोंडात. वायर थरथरत होती, की गोटी थरथरत होती, ते कळत नव्हतं. हात लावायचा नाही एवढं मात्र मोठीला कळलं. कोपऱ्यातला खराटा उचलून तिनं दांड्यानं वायरीवर फटका मारला. पिना सुटल्या, फरशीवर घसरल्या. तिनं गोटीला उचललं, उलटं धरलं, पाठीत थोपटलं, तोंडावर फुंकर मारली. "गोटे, ए गोटे, ए माझे बाई!" ओठ निळे. श्वास नाही. मोठीनं तिला छातीशी धरून गदागदा हलवलं, आणि गोटीनं एक मोठा श्वास आत ओढला, तो आतच राहतोय की काय असं वाटेपर्यंत ओढला, आणि टाहो फोडला.

रडली! मोठी पोरीला घेऊन तिथंच फरशीवर बसली.

रडू ओसरल्यावर दोघांनी बघितलं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढाही नाही असा डाग. मधे पांढरट-राखाडी, कडेनं किंचित लाल. रक्त नाही, काही नाही. एवढ्यातच गोटी मोठीच्या गळ्यातले मणी ओढायला लागली होती.

"बघ, काही नाही झालं," थोरला म्हणाला. हाताला फडकं गुंडाळून घेत तो म्हणाला, "पळी म्हणायचं."

"काय?"

"दूध ढवळायची पळी. गरम होती, पोरीनं तोंडात घातली. वायरीचं नाव काढायचं नाही."

"अहो, आई आहे ती तिची!"

"म्हणूनच. तिनं आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. आता कळलं तर भाऊ जन्मात उंबरा चढणार नाही. आणि ती गप्प बसेल? पोलिसात जाईल. चोरून करंट घेतला म्हणून दोघांचेही मीटर काढून नेतील." मग हळूच म्हणाला, "तू वायर टाकून आलीस, मी नाही."

मोठी त्याच्याकडं बघतच राहिली. पाच मिनिटांपूर्वी "आई आई" करणारा तो हाच का, असं तिला वाटलं. पण खरं सांगायचं तर भ्यालीही होती ती. धाकटीच्या डोळ्यांत बघून "वायर" हा शब्द आपल्याच्यानं उच्चारवणार नाही, हे तिला आत कुठंतरी आधीच कळलं होतं. थोरल्यानं फक्त तिला सोयीचा शब्द दिला.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टर घाईत होते. "कशानं?" मोठीनं तोंड उघडायच्या आत थोरला म्हणाला, "गरम पळी." डॉक्टरांनी टॉर्च मारला, मलम लिहून दिलं, "लहान आहे, भरून येईल" म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

निरोप मिळताच धाकटी धावतच घरी आली. हात अजून कॅनच्या सोड्यानं पांढरे होते. तिनं पोरीला हिसकूनच घेतलं, ओठ बघितला आणि पहिला प्रश्न तिनं हाच विचारला, "वायर नाही ना?"

"नाही गं," मोठी म्हणाली. "पळी. मी जरा पाठ फिरवली नि..."

"कुठली पळी?"

आता आली का पंचाईत! मोठीनं मांडणीवरची एक पळी काढून तिच्या हातात दिली. धाकटीनं ती उलटीसुलटी करून बघितली, दारात गेली आणि जिवाच्या आकांतानं उकिरड्यावर भिरकावली. मग परत येऊन पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला बाई त्या वायरीचीच धास्ती होती. पळी म्हटल्यावर जिवात जीव आला. तुमची काय चूक ताई, पोरंच ती. तुमच्या भरवशावर तर माझी नोकरी चाललीय."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मोठीला बरं वाटलं असतं. धाकटीनं दुसऱ्या दिवशी तर कहरच केला. आपल्या घरची नवी कोरी पळी आणून मोठीच्या हातात ठेवली. "लांब दांड्याची आहे," म्हणाली. "हात पोचत नाही तिचा."

वायर चालूच राहिली. काढली तर संशय येईल, हे थोरल्याचं म्हणणं. दोन दिवस धाकटी घरी राहिली, तिसऱ्या दिवशी केंद्रातून निरोप आला तशी कामावर गेली. मोठी आता गोटीला खाली ठेवेनाशी झाली. पाठीला बांधून शेण काढायची, पाठीला बांधून गायींना पाणी पाजायची. वायर मात्र ती घालीना नि काढीना. "तुमचं तुम्ही बघा," म्हणायची. थोरला पट्टी बांधलेल्या हातानं वायर घालायचा, पाइपात कोंबायचा, टांगायचा. सगळं कसं अगदी नियमानं! ओठावरचा डाग काळा पडला, त्यावर जाड खपली धरली. ओठ सुजून डावीकडं ओढल्यासारखा झाला. अंगावर पिताना गोटी किंचाळायची. वाटीनं पाजलं तर निम्मं दूध गळ्यावर.

पाचव्या दिवशी निवृत्त लाइनमन दुधाला आले. गल्लीत सगळे त्यांना लाइनमनकाकाच म्हणायचे. खांबावर काम करताना त्यांचा डावा हात कोपरापासून गेला होता, पण एका हातानं विडी पेटवायची त्यांची ऐट अशी की बघणाऱ्यानं आपले दोन हात लपवावेत. त्यांनी मोठीच्या पाठीवरच्या गोटीकडं बघितलं.

"काय झालं तोंडाला?"

"पळी लागली."

लाइनमनकाकांनी विडी विझवली. गोटीची हनुवटी बोटानं वर केली, बराच वेळ बघत राहिले. मग झरोक्याकडं बघितलं. वायर तिथं राजरोस लोंबत होती.

"पळीनं फोड येतो," ते म्हणाले. "पाणी भरतं, फुटतं, कातडी जाते. हे तसं नाही. पोरी, माझा हात गेला तेव्हा वर एवढंसं काळं होतं, बोटाच्या पेराएवढं. आत सगळं शिजलेलं. मी कुणाला काही विचारत नाही. पण ह्याची खपली सुटेल ना, आठव्या-दहाव्या दिवशी, तेव्हा आतली रक्ताची नळी उघडी पडते. ओठाला नळी असते. झोपेत सुटली तर आईला कळायचंसुद्धा नाही. मोठ्या दवाखान्यात नेऊन कशानं झालं ते खरं सांग. ते ठेवून घेतात."

मोठीच्या हातातलं दुधाचं माप तसंच राहिलं. "आणि सुटलीच तर?"

"तर ओठ असा धरायचा." त्यांनी अंगठा नि बोट जोडून दाखवलं. "आतून-बाहेरून चिमटीत. आणि सोडायचा नाही."

दुपारी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो गायीच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं वरसुद्धा बघितलं नाही. "त्या थोट्याला सगळ्यांच्या घरात नाक खुपसायची सवय आहे. परवा ट्रान्सफॉर्मर बसतोय, माणूस सांगून गेला. एकदा बसला की मी स्वतः वायर काढतो, मग ने तिला कुठं न्यायची ती. दोन दिवसांनी काय होतंय?"

"मी सांगणार धाकटीला."

"सांग. काय सांगशील? नवऱ्याचा हात वाचवायला तुझी पोर भाजली म्हणून?"

हे असलं तो बोलायचा आणि ते नेमकं जाऊन बसायचं. संध्याकाळी मोठी धाकटीच्या दारात गेली. धाकटी गोटीच्या ओठाला मलम लावत होती. "या ना ताई," ती म्हणाली, "आज बरंय, नाही का? खपली सुकत आलीय." मोठी उंबऱ्यात उभी राहिली. शब्द घशापर्यंत आला. तेवढ्यात धाकटा आतून म्हणाला, "वहिनी, चहा घेऊन जा." आणि मोठी चहा घेऊन परत आली. जिभेला काय लकवा झाला होता का तुझ्या, असं ती स्वतःला विचारत राहिली. दुसऱ्या दिवशी ती धाकटीला म्हणाली, मोठ्या दवाखान्यात दाखव गं एकदा. धाकटी म्हणाली, सुट्टीच्या दिवशी जाऊ. सातव्या दिवशी ट्रान्सफॉर्मर काही बसला नाही. तेल पुन्हा यायचं होतं.

आठव्या दिवशी सुट्टी होती. ऊन उतरलं की दवाखान्यात निघायचं ठरलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर मोठी परड्यात शेण सारवत होती. भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला. तिनं कुणाला हाक मारली नव्हती, नुसता आवाज होता. मोठी हात न धुताच धावली.

गोटी गोधडीवर पडली होती. गोधडीचा डावा भाग भिजून काळा दिसत होता. धाकटी पोरीच्या तोंडाला टॉवेल लावून वाकली होती आणि टॉवेलमधून तिच्या मनगटावर धार येत होती. रक्त थेंब थेंब येत नव्हतं, ठेक्यात उडत होतं. "झोपली होती हो, झोपलीच होती, मी उठवायला गेले तर..." धाकटी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मोठीनं शेणाचे हात लुगड्याला पुसले, टॉवेल बाजूला केला आणि अंगठा आत, बोट बाहेर, ओठाचा तो कोपरा चिमटीत पकडला. जोर लावला. धार थांबली. गोटी तडफडली, किंचाळली. मोठीनं सोडलं नाही.

"टेम्पो काढा!" ती दिराला ओरडली. तिनं असा आवाज काढलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. तो बनियनवरच पळाला.

पुढच्या सीटवर तिघी. धाकटीच्या मांडीवर गोटी, शेजारी वाकून बसलेली मोठी, तिची चिमूट पोरीच्या तोंडात. मागं रिकामे कॅन एकमेकांवर आदळत होते. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मोठीची बोटं सरकायची आणि लाल रेघ हनुवटीवरून खाली यायची. ती पुन्हा दाबायची. गोटीचा रंग उतरला होता, रडणं बारीक झालं होतं.

"एवढंसं तर होतं," धाकटी म्हणाली. "पळीनं असं होतं का हो ताई? एवढं रक्त होतं का पळीनं?"

डॉक्टर विचारणार होते, कशानं. या वेळी उत्तर द्यायला थोरला नव्हता. चुकीचं सांगितलं तर पुन्हा मलम देऊन घरी पाठवतील, आणि मग ती पोर रात्रीत जाईल, हे मोठीला लख्ख दिसलं.

"पळी नव्हती," ती म्हणाली.

धाकटीला आधी कळलंच नाही.

"वायर होती. ह्यांचा हात यंत्रात गेला, मी वायर उपसली नि तशीच टाकून पळाले. पिना उघड्या होत्या. हिनं तोंडात घातल्या. मी खोटं बोलले. आठ दिवस खोटं बोलले. दवाखान्यात तू हे सांग. वायर म्हणून सांग."

टेम्पो एकदम हळू झाला. "वहिनी?" दीर म्हणाला. तो मान वळवून बघत होता.

"पुढं बघून चालवा," मोठी म्हणाली.

कॅन आदळत राहिले. मग धाकटी अगदी सावकाश म्हणाली, "हात काढा."

"धाकटे..."

"माझ्या पोरीच्या तोंडावरचा हात काढा तुमचा."

मोठीनं काढला. काय करणार? आई होती ती. चिमूट सुटली आणि धार उडाली, समोरच्या काचेवर, धाकटीच्या गळ्यावर. धाकटीनं स्वतः धरायला बघितलं. तिची बोटं रक्तानं निसटत होती, ओठ सापडत नव्हता. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. गोटीचे डोळे वर जायला लागले. तिसऱ्यांदा धाकटीनं मोठीचं मनगट पकडलं, ओढलं आणि तिची बोटं परत पोरीच्या तोंडात घातली. तिच्याकडं न बघता. दवाखाना येईपर्यंत तिनं ते मनगट सोडलं नाही, आणि तिची नखं मोठीच्या कातडीत रुतली होती.

मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मोठीच्या बोटांखाली आपली बोटं सरकवली. "सोडा आता. सोडा मावशी, मी धरलंय." बोटं उघडेनात. नर्सनं एकेक करून उघडली.

"कशानं झालं?"

"करंटच्या वायरीनं," धाकटी म्हणाली. "आठ दिवस झाले."

"आठ दिवस! आणि आता आणताय? त्याच दिवशी आणलं असतं तर ठेवून घेतलं असतं आम्ही. ही वेळच आली नसती." डॉक्टरीणबाई आत गेल्या. धाकटीनं मान खाली घातली. ज्या चुकीची बोलणी तिनं खाल्ली, ती चूक तिची नव्हतीच.

तासाभरानं कळलं की टाके घातले, रक्त चढवताहेत, पोरगी वाचेल. तोंड त्या बाजूनं आवळून बसेल, पुढं शस्त्रक्रिया लागेल. नर्स दारात आली. "मुलीजवळ बायकांपैकी दोघी थांबू शकतात. ह्या कोण?"

"ह्या?" धाकटी म्हणाली. तिनं पहिल्यांदा मोठीकडं बघितलं. "ह्या शेजारच्या. एवढ्यात निघतीलच."

ती आत गेली. मोठी नळावर हात धुवायला गेली. नखांतलं शेण निघालं, रक्त काही निघेना. मग ती फाट्यापर्यंत चालत गेली आणि मिळेल त्या गाडीनं घरी आली.

थोरला दारातच उभा होता. "कशी आहे?"

"वाचली."

त्यानं सुस्कारा टाकला. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "सांगितलंस का काही?"

"सगळं सांगितलं."

थोरला मटकन ओट्यावर बसला. मागं गायी हंबरत होत्या, संध्याकाळचा चारा पडला नव्हता. त्यानं डोकं धरलं आणि मग, खरंच काळजीनं, तो म्हणाला, "म्हणजे करंट बंद करणार ते. आता चारा कसा कापायचा?"

मोठीनं त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं. सालटी वाळली होती, निळी नखं काळी झाली होती. बोटं पाचही जागच्या जागी होती.

"हातानं कापा," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं कोयता आणून त्याच्या मांडीवर ठेवला.